चुन्याची पुडी आणि डोळ्याची कड

पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला विनोबा भावे यांचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म तिथं झाला. मुस्लीम वाचकांना त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट ठाऊक असते. या माणसानं अरबी शिकून कुरआन वाचलं आणि निवडक आयतींचं संकलन केलं. पण आज विनोबांची आठवण निघाली ती त्यांच्या घरातल्या एका अंध माणसावरून.

विनोबांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत या अंध काकांविषयी सांगितलंय. गागोद्याच्या घरात ते राहायचे, जमेल ते काम करायचे, घरातलेच एक होते. ते वारल्याची बातमी आली, तेव्हा घरात सुतक पाळलं गेलं नाही. मुलानं आईला कारण विचारलं. तेव्हा कळलं की हे काका नात्यातले नव्हतेच. कुणी आधार नव्हता, म्हणून त्यांना घरात ठेवून घेतलं होतं.

त्या काळात अंध माणसासाठी एखादं भलं घर एवढंच करू शकत होतं. राहायला जागा, ताटात भाकरी आणि हाक मारायला एक नातं. त्या काकांची दृष्टी कशानं गेली हे आपल्याला माहीत नाही. पण आज एका विशिष्ट प्रकारच्या अंधत्वावर, म्हणजे चुना, ॲसिड, कॉस्टिक यांनी डोळा भाजल्यानं आलेल्या अंधत्वावर, यापेक्षा बरंच काही करता येतं. जळालेल्या डोळ्याचा पृष्ठभाग पुन्हा वाढवता येतो. या उपचाराचा सर्वात स्वस्त मार्ग आपल्याच देशात, हैदराबादेत सापडला. तरीही अशा जखमांनी मुलांचे डोळे जातच आहेत. उपचार सापडला, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम आपण केलेलं नाही, असं माझं म्हणणं आहे. त्यातलं आधीचं काम घराचं आणि सरकारचं आहे. नंतरचं काम आपल्या समाजाचंही आहे.

घरातलाच दाह

डोळ्याची भाजणूक म्हटली की डोळ्यांसमोर कारखाना येतो. रायगडात तसं होणं साहजिक आहे. रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी, नागोठण्याचं पेट्रोकेमिकल संकुल, थळचा खत कारखाना, महाडची रासायनिक वसाहत. आपल्या गावांतली किती तरी मुलं तिथं कंत्राटावर राबतात. कॉस्टिक सोडा आणि अमोनिया डोळ्यात गेला तर काय होतं, हे तिथल्या जुन्या कामगारांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. कारखाने अधिनियम, १९४८ मधलं कलम ३५ डोळ्यांच्या संरक्षणासाठी होतं. कायदा आहे, पण कंत्राटी पोराच्या डोळ्यांवर गॉगल असेलच असं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र धोका घरातच असतो. आपल्याकडं तो खायच्या चुन्याच्या रूपात येतो. कोकणातल्या मुस्लीम घरांत पानदान असतं. नानी-दादीच्या उशाशी चुन्याची डबी असते. तंबाखू मळणाऱ्याच्या खिशात चुन्याची प्लास्टिकची पुडी नाहीतर ट्यूब असते. मुलाला ती खेळणं वाटते. तोंडासमोर धरून ते पुडी दाबतं, दातानं फाडायला बघतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. दिल्लीच्या एम्समधल्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ सालीच चुन्याच्या पुड्यांमुळं होणाऱ्या गंभीर इजांवर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. त्यानंतरही पुडी तशीच विकली जातेय.

चुना इतका घातक का, हे समजून घ्यायला हवं. ॲसिड डोळ्यात गेलं की ते वरची प्रथिनं गोठवतं आणि त्या गोठलेल्या थरामुळं आत शिरण्याला काहीसा अडथळा येतो. तीव्र ॲसिड मात्र तिथंही थांबत नाही. चुना, कॉस्टिक आणि अमोनिया हे अल्कली. पेशींच्या आवरणात जी चरबी असते तिचा ते साबण करतात आणि आत उतरत जातात. त्यात ओला चुना चिकट असतो. त्याचे कण वरच्या पापणीच्या आत अडकून बसतात. बाहेरून डोळा धुतल्यासारखा दिसतो, पण आत कण जाळत राहतात.

पहिला उपचार नळाला आहे

म्हणून पहिला उपचार पाण्याचा. डोळ्यात चुना गेला की त्याच क्षणी, आहे त्या जागी, स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायला लागायचं. नळाचं, कळशीचं, बाटलीचं, जे हाताशी असेल ते पाणी. कमीत कमी अर्धा तास धुवायचं. मूल तडफडतं, डोळा मिटून घेतं, तेव्हा एकानं त्याला चादरीत गुंडाळून धरायचं आणि दुसऱ्यानं पापण्या उघड्या ठेवून पाणी सोडत राहायचं. दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं अलगद काढायचे. डोळा चोळायचा नाही. मग दवाखान्यात जायचं, शक्य असेल तर वाटेतही पाणी चालू ठेवायचं आणि पुडी बरोबर न्यायची. डॉक्टरांनी वरची पापणी उलटवून आतले कण काढायला हवेत. त्यांनी तसं केलं नाही तर आपण आठवण करून द्यायला लाजू नये.

काय करायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर घालायचं नाही. दूध, तूप, मध, गुलाबजल, सुरमा यातलं काहीही नको. कपाटात जपून ठेवलेली जमजमची बाटली शोधण्यात वेळ घालवायचा नाही. दुआ पाणी ओतता ओतता मागता येते. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. पुढं होणाऱ्या मोठमोठ्या शस्त्रक्रियांचं यश बऱ्याच अंशी या अर्ध्या तासावर ठरतं.

पहिल्या काही दिवसांत गर्भजलाच्या पिशवीचं पातळ आवरण जळालेल्या डोळ्यावर बसवतात, दाह कमी करणारी औषधं देतात. हे आवरण सिझेरियन झालेल्या, तपासण्या केलेल्या आणि संमती दिलेल्या मातांच्या वारेपासून मिळतं. त्यासाठीही मुलाला वेळेत नेत्रतज्ज्ञापर्यंत पोचवावं लागतं. तालुक्याच्या गावातून मलम आणि पट्टी घेऊन घरी परतणं, हा अनेकांचा डोळा जाण्याचा रस्ता आहे.

कडेवरच्या पेशी

डोळ्याचा काळा भाग आणि पांढरा भाग जिथं मिळतात, तिथं एक अरुंद गोल कड असते. तिला लिंबस म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, पेशींचा जो वरचा थर असतो तो सतत झिजतो आणि सतत नवा होतो. नवा माल येतो या कडेवरून. तिथं मूळ पेशी, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो, त्या राहतात. कड शाबूत असेल तर कॉर्नियावरचा ओरखडा दोन-चार दिवसांत भरून येतो. कडच जळाली तर नव्या पेशी येणं थांबतं. मग पांढऱ्या भागावरची कातडी आणि रक्तवाहिन्या कॉर्नियावर चढतात आणि डोळा धुरकट, लालसर, आंधळा होतो. आपण ज्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतो, त्यातला हा एक फार वाईट प्रकार.

आपल्याकडं मोठा गैरसमज आहे की मेलेल्या माणसाचा डोळा बसवला की झालं. कडेच्या पेशीच नसतील तर नुसता नवा कॉर्निया टिकत नाही, कारण त्याच्यावर थर चढवायला कुणी उरलेलं नसतं. आधी कड पुन्हा लावायची, मग गरज असेल तर कॉर्निया बदलायचा, असा क्रम आहे.

कड पुन्हा लावायची कशी? १९८९ साली अमेरिकेत केनियन आणि त्सेंग या डॉक्टरांनी चांगल्या डोळ्याच्या कडेचे तुकडे घेऊन जळालेल्या डोळ्यावर लावण्याची पद्धत मांडली. अडचण अशी की तुकडा बराच मोठा घ्यावा लागे. एक डोळा वाचवताना दुसरा धोक्यात आला तर? १९९७ साली इटलीतल्या ग्रॅझिएला पेलेग्रिनी, मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी लहान तुकड्यातून प्रयोगशाळेत पेशींचा पापुद्रा वाढवून तो डोळ्यावर बसवला. २०१० साली त्यांच्या गटानं ११२ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. सुमारे तीन चतुर्थांश डोळ्यांचा पृष्ठभाग पुन्हा नीट झाला होता. २०१५ साली युरोपनं या उपचाराला ‘होलोक्लार’ या नावानं सशर्त मान्यता दिली. स्टेम सेलवर आधारलेलं ते युरोपातलं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं.

पण पेशी वाढवायला खास प्रयोगशाळा लागते. ती महाग असते आणि मोजक्या शहरांतच असते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनंही आधी हाच मार्ग धरला होता आणि शेकडो डोळ्यांवर तो वापरला होता. मग तिथल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक साधा प्रश्न पडला. पेशी डोळ्याबाहेर वाढवायच्या कशासाठी? डोळ्यातच वाढल्या तर? २०१२ साली त्यांनी आपली पद्धत मांडली. चांगल्या डोळ्याच्या कडेवरून साधारण दोन मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा घ्यायचा. त्याचे आठ-दहा बारीक कण करायचे. जळालेल्या डोळ्यावर चढलेली कातडी काढून तिथं गर्भजलाच्या पिशवीचं आवरण बसवायचं आणि हे कण त्यावर एका विशिष्ट गोंदानं चिकटवायचे, रोपं लावावीत तसे. वरून मऊ लेन्स. काही आठवड्यांत पेशी पसरतात आणि थर तयार होतो. प्रयोगशाळा लागत नाही, एकाच शस्त्रक्रियेत काम होतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘स्लेट’ म्हणतात. २०१६ साली एका डोळ्याला भाजलेल्या १२५ रुग्णांचे निकाल आले, त्यात ६० मुलं होती. सुमारे ७६ टक्के डोळ्यांत थर टिकून होता. म्हणजे महागड्या पद्धतीच्या तोडीचा निकाल. आता ही पद्धत परदेशातले डॉक्टरही वापरतात.

गागोद्याचे विनोबा १९५१ साली याच तेलंगणात पोचमपल्लीला पोचले होते आणि तिथून भूदान सुरू झालं. पुढं ते जमीनदाराला सांगत, तुला पाच मुलं असतील तर मला सहावा समज आणि माझा हिस्सा दे. सांगवान यांच्या पद्धतीत चांगल्या डोळ्याला सहावा हिस्साही मागितला जात नाही. त्याहून कितीतरी कमी घेतात आणि त्याचं काही बिघडत नाही.

इथं एक सावधगिरीही सांगतो. ही शस्त्रक्रिया आहे आणि ती कॉर्नियाचा तज्ज्ञच करतो. ‘स्टेम सेलचे थेंब’, ‘स्टेम सेलची गोळी’ अशा जाहिरातींचा या उपचाराशी काही संबंध नाही. यश शंभर टक्के नसतं. पापण्या आक्रसल्या असतील, डोळा कोरडा पडला असेल, तर ते आधी दुरुस्त करावं लागतं. लहान मुलाचा डोळा फार काळ बंद राहिला तर मेंदू त्या डोळ्यानं पाहणं शिकतच नाही, म्हणून उशीर परवडत नाही.

दोन्ही डोळे गेले तर

एका डोळ्याला इजा झाली तर दाता स्वतःच्याच चेहऱ्यावर असतो. दोन्ही डोळे भाजले तर तो आणायचा कुठून? कारखान्यातला स्फोट, ॲसिड हल्ला, अशा प्रसंगांत अनेकदा हेच होतं. जपानमध्ये स्वतःच्याच तोंडातल्या अस्तराच्या पेशी वाढवून डोळ्यावर लावतात. २०२१ साली तिथं या उपचाराला मान्यता मिळाली. ओसाकाच्या कोजी निशिदा यांनी २०१९ साली प्रयोगशाळेत घडवलेल्या मूळ पेशींपासून कॉर्नियाचा थर तयार करून रुग्णाला लावला. चार रुग्णांचे निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाले. आशा मोठी आहे, पण ती रोह्यापर्यंत यायला वेळ लागेल.

तोवर मार्ग दोनच. जिवंत नातेवाइकाच्या डोळ्याच्या कडेचा लहान तुकडा किंवा मृत्यूनंतर दान केलेल्या डोळ्याची कड. दोन्हींत परक्या पेशी शरीरानं नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घ्यावी लागतात. आणि दोन्हींत कुणीतरी द्यावं लागतं.

इथं आपल्या समाजाशी स्पष्ट बोलायला हवं. कॉर्निया घेण्याची वेळ आली की आपण फतवा विचारत नाही. देण्याची वेळ आली की पहिला प्रश्न तोच असतो. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीनं फेब्रुवारी १९८८ मध्ये अवयव प्रत्यारोपणावर सविस्तर ठराव केलाय. हानीपेक्षा लाभ जास्त असेल तर माणसाच्या शरीरातला भाग त्याच्याच शरीरात दुसरीकडं लावणं त्यात जायज मानलंय. म्हणजे चांगल्या डोळ्यातून जळालेल्या डोळ्याला देण्याबद्दल संशयाला जागा नाही. जिवंत माणसाचे दोन्ही कॉर्निया काढण्यासारखी कृती मात्र त्यात मना केली आहे. मृत व्यक्तीनं किंवा वारसांनी परवानगी दिली असेल तर मृत शरीरातला अवयव गरजू जिवंत माणसाला देण्यास मान्यता आहे. खरेदी-विक्रीला नाही.

भारतातल्या अनेक उलेमांचं मत मृत्यूनंतरच्या दानाबद्दल वेगळं आहे, हे मी लपवत नाही. मानवी देह ही अमानत आहे, माणसाला त्याची वसीयत करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो प्रामाणिक आहे आणि मृतदेहाच्या हुरमतीची काळजीही खरी आहे. पण मग घेण्याचं काय? श्रीलंकेतल्या नेत्रदान संस्थेनं आजवर हजारो कॉर्निया पाकिस्तानला पाठवलेत. देणारे बहुतेक बौद्ध, पाहणारे मुसलमान. तिथं घेणं हलाल आणि देणं संशयास्पद, हा हिशेब कुणाही विवेकी माणसाला खटकावा. मतभेद असलेल्या प्रश्नात ज्याला जे पटेल त्यानं ते करावं. पण देणाऱ्याला बिरादरीनं अडवू नये, एवढं तरी आपण ठरवू शकतो.

व्यवहारातल्या शंकांची उत्तरं सोपी आहेत. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे घ्यावे लागतात. काम पंधरा-वीस मिनिटांत होतं, घरी येऊनही करतात. चेहरा विद्रूप होत नाही. गुस्ल, कफन, जनाजा सगळं नेहमीसारखं होतं, दफनाला उशीर होत नाही. चष्मा असलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, मधुमेहाचे रुग्णही डोळे देऊ शकतात.

मागायचं काय

शेवटी मागण्यांकडं येतो. पहिली मागणी चुन्याच्या पुडीबद्दल. तंबाखूच्या पाकिटावर कर्करोगाचं चित्र सक्तीचं करता येतं, तर चुन्याच्या पुडीवर ‘डोळ्यात गेल्यास अर्धा तास पाण्यानं धुवा’ ही एक ओळ का नको? दाबल्यावर फुटणारी मऊ पुडी बंद करून घट्ट झाकणाची डबी सक्तीची केली तर पानवाल्याचा धंदा बुडणार नाही. काही जण म्हणतील, गुटखाबंदीचं काय झालं? महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि गुटखा मिळतोच. खरंय. पण इथं चुना बंद करा असं कुणी म्हणत नाही. वेष्टन बदला एवढंच मागणं आहे आणि वेष्टन बदलणं उत्पादकाच्या हातात असतं.

दुसरी मागणी, धाटाव आणि महाडसारख्या वसाहतींत डोळे धुण्याचे चालू नळ कामाच्या जागेपासून काही पावलांवर हवेत आणि तपासणी त्यांचीही व्हावी. तिसरी, ‘स्लेट’ ही शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेत नावानिशी असावी आणि ती करणारी रुग्णालयं जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर लिहिलेली असावीत. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही मोफत उपचार करावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ सालीच बजावलंय. चुन्यानं भाजलेल्या मुलामागं तर न्यायालयही नाही आणि बातमीही नाही. त्याचा बाप कुठं जायचं ते विचारत फिरतो आणि त्यात महिने जातात.

बाकीचं काम सरकारचं नाही. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं डोळा धुण्याबद्दल बोलता येतील. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, त्यात मोहल्ल्यात एखाद्या नेत्रतज्ज्ञाला बोलावून शंका विचारता येतील. मदरशात आणि उर्दू शाळेत मुलांना हे शिकवता येईल. आणि पानदानातली चुन्याची डबी आज रात्री मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवता येईल. ते करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.